संगणकयंत्र आणि मुंबईचा नोकरदार

संगणक म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे यंत्र उभे राहते. इंग्रजीतला मूळ शब्द मात्र शेकडो वर्षे माणसाला लावला जात होता. आपल्याच देशात, 1831 साली, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या खात्यात राधानाथ सिकदर हा बंगाली तरुण ‘कॉम्प्युटर’ या हुद्द्यावर नोकरीस लागला. पुढे हिमालयातले एक शिखर जगात सर्वांत उंच ठरले, ते त्याच्या आकडेमोडीवरून. नाव मात्र एव्हरेस्ट साहेबांचे लागले! तेव्हा या यंत्राची हकीकत सांगताना हिशेबनिसाची हकीकत वगळता येत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. ती वगळावी अशी आमची इच्छाही नाही.

मुंबईत आरंभ झाला तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. डॉ. होमी भाभांच्या या संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी 1955 च्या सुमारास एक प्रायोगिक यंत्र बांधावयास घेतले. त्यातल्या बहुतेकांना या कामाचा पूर्वानुभव नव्हता. 1960 साली पूर्ण यंत्र उभे राहिले, आणि 1962 च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या आणि स्मरणकोश होता 2,048 शब्दांचा. शब्द म्हणजे येथे शून्य आणि एक या दोनच चिन्हांचे 40 अंक. हा स्मरणकोश फेराइटच्या बारीक कड्यांचा असे. कडीतून तारा ओवलेल्या असत, आणि कडीचे चुंबकत्व कोणत्या दिशेचे आहे यावरून शून्य की एक ते ठरे. त्या काळी असल्या कड्या ओवण्याचे काम हातांनीच करावे लागे. विचार करणारे यंत्र म्हणून ज्याची वाखाणणी झाली, त्याची स्मृती अशी माळेसारखी गुंफावी लागत होती.

हे झाले शास्त्रज्ञांचे यंत्र. कचेरीतले यंत्र 1961 साली आले, एस्सो या तेलकंपनीच्या मुंबईच्या कार्यालयात. ते आय.बी.एम. 1401 होते. त्याला खाद्य लागे ते भोके पाडलेल्या पत्त्यांचे. एकाने आकडे टंकून पत्त्यावर भोके पाडायची, दुसऱ्याने तेच आकडे पुन्हा टंकून पाहायचे. फरक पडला की तपासणीयंत्र अडे. म्हणजे यंत्र आले तरी बोटे होतीच. फक्त ती लेखणीवरून कळफलकावर गेली.

आता बँकेतला कारकून घ्या. दर खात्याची खतावणी हाताने, व्याजाची आकारणी हाताने. जून आणि डिसेंबरच्या अखेरीस तेरीज जुळेना म्हणजे रात्र रात्र शाखेत दिवे जळत. एका पैशाच्या फरकासाठी सबंध पाने पुन्हा मोजायची! हे काम आनंदाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यावर घर चालत होते, आणि हीच नोकरी पाहून उपनगरातल्या कितीतरी कुटुंबांनी ब्लॉकचे हप्ते अंगावर घेतले होते.

म्हणून विरोध झाला. 1960 च्या दशकात कलकत्त्याला विमा कर्मचाऱ्यांनी यंत्र बसू नये म्हणून इलाको हाऊसवर रात्रंदिवस पहारा दिला. सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर. तिचा अहवाल 1972 चा, म्हणजे दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा प्रबंध नुकताच प्रसिद्ध झाला होता तेव्हाचा. आज या विरोधाची थट्टा होते. थट्टा करणारे 8 सप्टेंबर 1983 चा बँक करार विसरतात. त्या दिवशी बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यंत्रे कोणत्या अटींवर यावीत हे टेबलाशी बसून ठरले. पुढे 1987 आणि 1993 साली आणखी करार झाले. विरोध झाला नसता तर ते टेबलच मांडले गेले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र करार झाला तो नोकरीत असलेल्यांचा. जी खुर्ची रिकामी होईल तिच्यावर कोण बसणार, हा प्रश्न तसाच राहिला. 2000-01 साली सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडली. सगळा दोष यंत्राचा नव्हे. पण यंत्र नसते तर इतक्या माणसांवाचून शाखा चालल्या नसत्या.

आणि बँकेच्या बाहेर काय होते? 1973 साली अंधेरीला निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे क्षेत्र उघडले, ते सीप्झ. नावात सांताक्रूझ, जागा अंधेरी, असो. तेथे परदेशी यंत्रांचे सुटे भाग जुळवण्याच्या कामावर मुख्यतः तरुण मुली होत्या. क्षेत्राला लोकोपयोगी सेवेचा दर्जा होता. म्हणजे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली आगाऊ नोटीस दिल्यावाचून संप करता येत नव्हता. रेल्वेला आणि पाणीपुरवठ्याला लावायचा नियम परदेशी जाणाऱ्या मालाला लावला गेला! फोर्टमध्ये कारकुनाच्या कळफलकाच्या अटी ठरत होत्या, तेव्हा तसल्याच यंत्रांच्या पोटातल्या तारा डाखाने जोडणारी मुलगी मरोळच्या फाटकावर पास दाखवून आत जात होती.