जाळ्याचा आस



सोलापूरकराने मासळीच्या इतिहासावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आपल्या गावाला समुद्र नाही. होत्या त्या गिरण्या. आज आहेत ते यंत्रमाग आणि विडी. माझे आयुष्य याच कामगारांत गेले. परंतु आपल्या ताटातला मासा पुष्कळदा उजनीचा असतो आणि नळाचे पाणीही उजनीचे. म्हणून हा विषय आपला आहे.

भीमेवरील उजनी धरणाचे काम १९६६ साली सुरू झाले व १९८० साली पुरे झाले. वाहत्या नदीत पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या भोई-कोळ्यांपुढे आता अथांग साचलेले पाणी आले. त्यात कटला, रोहू यांचे बीज सोडण्यात आले. मूळची आफ्रिकेची चिलापीही येथे फोफावली. भिगवणचा मासळीबाजार याच पाण्यावर नावारूपास आला.

पुढे ‘वडाप’ आले. वडाप म्हणजे अगदी बारीक आसाचे जाळे. आस म्हणजे जाळ्याचे भोक. आस मोठा असला तर लहान पिल्लू निसटते, वाढते, अंडी घालते. वडापातून बोटाएवढे पिल्लूही सुटत नाही. त्याला बंदी आहे, तरी ते चालते. आज हाताला पैसा मिळतो, पण पुढल्या सालचे पीक कोवळेपणीच कापले जाते.

हाच तंटा समुद्रकाठी आधी पेटला होता. गोव्यात रापण ओढायला गावची पन्नास-पन्नास माणसे लागत. ट्रॉलर आले आणि किनाऱ्यालगतचा तळ खरवडू लागले. तेव्हा १९७० नंतरच्या दशकात रापणकार संघटित झाले. माथानी साल्ढाणा या शिक्षकाने त्यांचे नेतृत्व केले. किनाऱ्याजवळचे पाणी लहान होड्यांसाठी राखा, ही त्यांची मागणी. १९७८ साली निरनिराळ्या राज्यांतले मच्छीमार एकत्र आले. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, आपल्या महाराष्ट्राचा १९८१ चा. आठ तासांचा दिवस जसा मालकाच्या दयेने मिळाला नाही, तद्वत् हे कायदेही कोणी सहज दिले नाहीत.

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा ठरविले. त्याच वर्षी चोपन्न जातींच्या मासळीला किमान लांबी लावली; पापलेटला १३५ मिलिमीटर. पापलेट पिल्लेपणीच बाजारात येऊ लागले होते, हेच त्याचे कारण.

तथापि कायदा कागदावर राहतो, कारण बोटाएवढ्या मासळीला गिऱ्हाईक आहे. वडाप ओढणारा मजूर गरीब असतो. त्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण त्याचा माल उचलणारा व्यापारी आणि पिशवी पुढे करणारे आपण, यांचे काय?

तेव्हा बाजारात दोन गोष्टी पाहाव्या. पहिली ताजेपणा. कल्ले लाल असावेत, डोळा फुगीर व स्वच्छ असावा, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर यावे, वास उग्र नसावा. गोव्यात २०१८ साली फॉर्मालिनच्या संशयाने बाहेरच्या मासळीवर बंदी घालावी लागली, हे विसरू नये. दुसरी गोष्ट आकार. पिल्लांचा ढीग स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. विकणारीला विचारावे, “मावशी, हा वडापाचा का?” दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकरावा ढीग येणार नाही.

पण एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसत नाही. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना या नद्यांतून भीमेत व भीमेतून उजनीत उतरते. मासा त्याच पाण्यात वाढतो आणि आपण तेच पाणी शुद्ध करून पितो. कल्ले पाहून हे कळायचे नाही. येथे एकट्याची पारख पुरत नाही. भोई, शेतकरी आणि शहरातला कामगार या तिघांनी मिळूनच स्वच्छ पाणी मागितले पाहिजे. रापणकारांनी एकजुटीने समुद्र मागितला. आपल्याला नदी मागायची आहे.