बरेलीचं नाव, केरळचा मासा

बरेली म्हटलं की आपल्याला झुमका आठवतो. सूक्ष्मजीवशास्त्रात मात्र हे नाव एका जंतूला चिकटलं आहे – साल्मोनेला बरेली. १९२८ साली तो प्रथम बरेलीत सापडला. साल्मोनेला हे कुळाचं नाव डॅनियल साल्मन या अमेरिकन पशुवैद्यकावरून आलं. या कुळात अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत. जो प्रकार जिथे प्रथम सापडला त्या गावाचं नाव त्याला द्यायचं, अशी प्रथाच पडली. आपल्याकडे गावावरून आडनावं पडतात, तसंच हे!

पण आडनाव सातारकर असलं म्हणून माणूस साताऱ्यातच भेटेल असं थोडंच आहे? २०१२ साली अमेरिकेत हाच एरवी क्वचित दिसणारा जंतू एकाएकी अनेक राज्यांत आढळू लागला. ताप, जुलाब, पोटात कळा. आजारी माणसांनी काय खाल्लं होतं, याची विचारपूस झाली. बहुतेकांच्या तोंडी एकच पदार्थ आला : सुशी. तपास पोहोचला केरळमधल्या एका मासळी कारखान्यापर्यंत. तिथून कुपा, म्हणजे ट्यूना माशाच्या काट्यांवरचं खरवडलेलं मांस गोठवून अमेरिकेत जात होतं आणि तिथे ते कच्चंच खाल्लं जात होतं. गोठवल्यानं हा जंतू मरतोच असं नाही; तो मरतो तो नीट शिजवल्यावर. एप्रिलमध्ये माल परत मागवला गेला. एकूण ४२५ जण आजारी पडले, ५५ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. सुदैवानं कुणी दगावलं नाही.

पुढे शास्त्रज्ञांनी या जंतूंची संपूर्ण जनुकीय लिपी वाचली. तेव्हा त्यांचा अगदी जवळचा भाऊबंद निघाला तो काही वर्षांपूर्वी तपासलेल्या भारतीय कोळंबीतला. ती कोळंबी या कारखान्यापासून अवघ्या ८ किलोमीटरच्या परिसरातली होती!

मला या हकिकतीत मोलाचं वाटतं ते त्या कोळंबीच्या नमुन्याचं जतन. कुणीतरी तो जंतू टाकून दिला नाही. कुठून आला, कधी आला, याची नोंद ठेवली. नुसत्या नावावर विसंबलं असतं, तर बोट गेलं असतं बरेलीकडे, आणि बरेलीला तर समुद्रही नाही.