घाटाच्या वहीत नसलेली झाकरी

पोर्ट लुईच्या बंदरकाठी १८४९ साली शर्तबंद मजुरांचा डेपो उभा राहिला. तोच आपला आप्रवासी घाट. दगडी पायऱ्या चढून आलेल्याचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण, सारे वहीत उतरवले जाई. पुढे फोटोही काढू लागले. त्या वह्या मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. आपल्यापैकी पुष्कळांना पणजोबा तिथेच सापडले.

मुंबईहून जहाजात चढलेल्या कोकणी माणसांबरोबर त्यांची जाखडीही आली. तिच्यासाठी वहीत रकाना नव्हता! मळ्यांवरच्या वस्त्यांत तिची झाकरी झाली. मध्ये ढोलकी, भोवती फेर, गणपतीच्या रात्री.

घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. पुढे युनेस्कोच्या यादीत २०१४ साली सेगा आणि २०१६ साली भोजपुरी गीत-गवई गेली. तो मान रास्तच. झाकरीची पदे मात्र अजून म्हाताऱ्यांच्या ओठांवर आणि घरोघरच्या जीर्ण वह्यांत आहेत. दर २ नोव्हेंबरला घाटावर पूर्वजांचे स्मरण होते. त्या अंगणात आपल्या मंडळ्यांनी फेर धरावा. पण त्याआधी, गाणारे आहेत तोवर, पदे लिहून घ्यावीत.