विमानातलं ‘ट्रिम’ म्हणजे नक्की काय?

विमान हलवणारे तीन भाग बऱ्याच जणांना माहीत असतात. पंखांच्या टोकांकडे, मागच्या कडेला असतात ते एलेरॉन. एक वर आणि दुसरा खाली गेला की विमान एका बाजूला कलतं. शेपटीच्या आडव्या पंखावरचा एलेव्हेटर नाक वर-खाली करतो आणि उभ्या शेपटीवरचा रडर ते डावी-उजवीकडे फिरवतो. ट्रिमचं नाव मात्र राहूनच जातं. म्हणून आज मी त्याबद्दलच सांगणार आहे.

पायलटने समोरचा दांडा मागे ओढला की एलेव्हेटरची कड वर जाते, हवा शेपटीला खाली दाबते आणि नाक वर येतं. पण हवा एलेव्हेटरला परत ढकलत असते, म्हणून दांडा ओढून धरावा लागतो. शिवाय वेग बदलला, इंधन कमी झालं, फ्लॅप बाहेर काढले की संतुलन पुन्हा बदलतं. तासन्‌तास दांडा ओढून कोण बसणार? हातावरचा हा ताण ट्रिम काढून घेतं.

सेस्ना १७२ सारख्या लहान विमानात एलेव्हेटरच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ट्रिम टॅब. ती एलेव्हेटरच्या उलट दिशेला वळते. टॅब खाली गेली की हवा तिला वर ढकलते आणि तिच्याबरोबर एलेव्हेटरही वर राहतो, पायलटने हात सैल सोडला तरी.

बोइंग ७३७ मध्ये टॅब पुरत नाही. तिथे शेपटीचा अख्खा आडवा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, कलतो. त्याला एक लांब स्क्रू हलवतो, साधारण गाडीच्या जॅकसारखा. मोटर बंद पडली तर कॉकपिटमधलं चाक हाताने फिरवायचं. आता लक्षात घ्या: स्टॅबिलायझर एलेव्हेटरपेक्षा बराच मोठा असतो. तो चुकीच्या दिशेला फार कलला, तर दांडा कितीही ओढला तरी एलेव्हेटर कमी पडतो.

७३७ मॅक्समध्ये नेमकं हेच घडलं. त्यातली एमकॅस ही प्रणाली पंख आणि समोरची हवा यांच्यातला कोन फार वाढला असं वाटलं, की आपणहून नाक खाली ट्रिम करायची. पण ती एकाच सेन्सरवर विसंबून होती. २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरच्या विमानात सेन्सरने चुकीचा कोन दाखवला. कॅप्टनने वीसहून अधिक वेळा ट्रिम परत वर केलं, एमकॅसने पुन्हा खाली केलं. १८९ जण गेले. १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सच्या पायलटांनी ट्रिमची वीज तोडली खरी, पण तोपर्यंत वेग इतका वाढला होता की हाताने चाक फिरवणं जमेना. तिथे १५७ जण गेले.

त्यानंतर जगभरची मॅक्स विमानं जमिनीवर आली. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेने परवानगी दिली ती बदल करूनच: एमकॅस आता दोन्ही सेन्सर ताडून पाहते, एका प्रसंगात एकदाच चालते, आणि पायलटला नुसत्या दांड्याने आवरता येईल इतकंच ट्रिम करते. पायलटांना सिम्युलेटरवरचं प्रशिक्षणही सक्तीचं झालं.