अक्षराची निवड

पंचांग उघडताना त्यातील अक्षरे कोणी निवडली, हा प्रश्न आपल्या मनास सहसा शिवत नाही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. पुढे १८६९ साली जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांनी घडविलेल्या खिळ्यांनी मराठी व संस्कृत ग्रंथांस रेखीव रूप लाभले. त्या काळी निवड जुळाऱ्याच्या हाती असे. खणातून तो जो खिळा उचली, तोच कागदावर उमटे.

आज हे काम लेसर प्रिंटर करतो. १९८४ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा लेसरजेट आला. त्याच्या पद्धतीत यंत्र टंकाचे घराणे सर्वांत शेवटी विचारात घेते. आधी वर्णसंच, मग अक्षरांतील अंतर, उंची, कल आणि जाडी पाहिली जाते. मागितलेला टंक नसेल, तर त्यातल्या त्यात जवळचा उचलला जातो. १९८५ साली अ‍ॅपलच्या लेसररायटरबरोबर आलेल्या पोस्टस्क्रिप्टमध्ये टंक नावाने मागतात, आणि ते नाव न सापडल्यास बहुधा ‘कुरिअर’ त्याच्या जागी बसतो. यंत्रास आकृती कळते, भाषा कळत नाही.

आपल्या लिपीस याची झळ लागली. देवनागरी आकृती बरीच वर्षे रोमी अक्षरांच्या क्रमांकांवर बसविल्या जात. तो टंक दुसऱ्या ठिकाणी नसला की ‘श्री’च्या जागी निरर्थक रोमी खुणा उमटत. १९९१ साली युनिकोडने देवनागरी अक्षरांस स्वतःचे क्रमांक दिले आणि हा घोळ मिटण्याची वाट झाली. परंतु मराठीचा दोन पाकळ्यांचा ‘ल’ आणि हिंदीचा उभ्या दंडाचा ‘ल’ यांचा क्रमांक एकच राहिला. ‘श’चेही तसेच. मजकुरावर ‘मराठी’ ही खूण असेल आणि टंकात तशी सोय असेल, तरच मराठी वळण उमटते. हा निर्णय बहुधा संगणकावरच होतो. प्रिंटर केवळ हाती आलेली आकृती छापतो.

महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी ‘ल’ व ‘श’ यांची रूपे प्रमाण ठरविली. पण पांढुर्णा आणि सौंसर १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली त्यांचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. तेथे राजभाषा हिंदी, आणि अनेक घरांत बोली मराठी. जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनास दोन्ही भाषांचे भाविक येतात. अशा ठिकाणी उत्सवाची पत्रिका छापताना मराठी मजकुरावर ती खूण कोणी केली नाही, तर मराठी शब्द हिंदी वळणात उमटतात. कोणी मुद्दाम ते करीत नाही. कोणी मागितले नाही, म्हणून ते घडते.

हिंदी वळणाशी आमचे वैर नाही, तेही देवनागरीचेच. तरीही वडिलांच्या पोथीतील ‘ल’ मुलाच्या हातच्या पत्रिकेत दिसावा, एवढीच आमची इच्छा. त्यासाठी देवस्थानच्या मंडळींनी छपाईस देताना भाषा सांगावी आणि कच्चे मुद्रित स्वतः पाहावे. जुळारी न सांगता ओळखीत असे. यंत्रास मात्र सांगावे लागते.