मांढरदेवचा डोंगर आणि आगाशिवची लेणी

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांना कृष्णा नदीने एकत्र बांधले आहे. तिच्या खोऱ्यातून वाईपासून मिरजेपर्यंत प्रवास करणाऱ्या अभ्यासकास रोग आणि उपचार यांचा दीर्घ इतिहास दिसतो. त्यातील तीन स्थळांचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

पहिले स्थळ वाई तालुक्यातील मांढरदेव. काळूबाईने येथे लाख्यासुर दैत्याचा वध केला, अशी आख्यायिका आहे. पौष पौर्णिमेच्या यात्रेस लाखो लोक डोंगर चढतात. करणी, भूतबाधा, अंगात येणे यांवर देवऋषी उतारे सांगत आणि लिंबे व काळ्या बाहुल्या झाडांना खिळ्यांनी ठोकल्या जात. २५ जानेवारी २००५ रोजी या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन ३०० च्या आसपास भाविक मरण पावले. शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांच्यामार्फत चौकशी केली.

लोक तेथे का जातात, हा खरा प्रश्न आहे. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु डॉक्टर दूर असतो, हाती पैसा नसतो आणि देवऋषी मात्र रोग्याचे सारे गाऱ्हाणे ऐकून घेतो. घरात तोंड उघडण्याची मुभा नसलेली स्त्री अंगात आल्यावर बोलते आणि तेव्हाच तिचे ऐकले जाते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजाने देवदेवता सोडल्या. तरी रात्री-अपरात्री मूल तापाने फणफणले की काही घरांची पावले अजून देवऋषीकडे वळतात.

दुसरे स्थळ कऱ्हाडचे. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील हे नगर प्राचीन काळी करहाकट या नावाने प्रसिद्ध होते. येथील दात्यांची नोंद दूरच्या भारहुत स्तूपावरील लेखांत आढळते. नगराजवळील आगाशिव डोंगरात, जखिणवाडीच्या परिसरात, ६० हून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. अशा विहारांतून राहणाऱ्या भिक्षुसंघापुढे रोगाविषयी कोणता आदर्श होता, हे पाली साहित्यावरून कळते. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात भूतविद्या व सर्पविद्या यांवर उपजीविका करणे त्याज्य ठरविले आहे. परंतु तथागत केवळ निषेध करून थांबले नाहीत. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्षूची कथा आहे. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः आंघोळ घातली, उचलून मंचकावर निजविले आणि रुग्णाची सेवा ती माझीच सेवा, असा बोध संघास केला. तेथेच चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत: त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, मलमूत्र व वांती काढण्याची किळस नसावी, सेवा लोभाने नव्हे तर मैत्रीने करावी आणि धम्मकथेने रुग्णाला धीर द्यावा. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांची मानवता वर्णन करताना रुग्णांविषयीच्या त्यांच्या आस्थेला स्वतंत्र स्थान दिले.

तिसरे स्थळ मिरज. येथे १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन रुग्णालय उभारले आणि पुढे हे गाव वैद्यकीय उपचारांसाठी नावाजले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे वैद्यकीय शिक्षणही मिरजेसच झाले. त्यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे त्या कायद्याने गुन्हा ठरले.

कायद्याने भोंदूला शिक्षा होईल, पण रुग्णाच्या उशाशी कोण बसणार, याची व्यवस्था कायदा करीत नाही. ते काम संघाचे होते आणि आज ते विहाराचे आहे. प्रत्येक विहाराने वस्तीतील रुग्णांची नोंद ठेवावी, त्यांच्यासोबत सरकारी दवाखान्यात जाणारे चार तरुण तयार करावेत आणि मनाने खचलेल्या भगिनींचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यावे. देवऋषीची वाट बंद करावयाची असेल, तर त्याच्याआधी आपण त्या घरी पोहोचले पाहिजे.