प्रतिजैविके : क्रिया व चयापचय

सूक्ष्मजंतूंना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी औषधे. महाराष्ट्रात त्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन पुण्याजवळ पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात 1955 मध्ये पेनिसिलीनने सुरू झाले.

पेनिसिलीन जंतूची पेशीभित्ती विणणारे एंझाइम निकामी करते. भित्ती कच्ची राहते आणि जंतू फुगून फुटतो. मानवी पेशींना अशी भित्तीच नसते, म्हणून माणूस बचावतो. हे औषध बहुतांशी न बदलता मूत्रावाटे निघून जाते. रक्तातले त्याचे प्रमाण अर्ध्या तासातच निम्म्यावर येते. वारंवार मात्रा द्यावी लागते ती यामुळेच.

क्षयावरील आयसोनियाझिडची गोष्ट वेगळी. यकृतातील एक एंझाइम त्याला ॲसिटिल गट जोडून निष्प्रभ करते. हा वेग आनुवंशिक असतो. तो मंद असलेल्यांच्या रक्तात औषध जास्त वेळ राहते व हातापायांना मुंग्या येण्याचा धोका वाढतो. त्यासाठी ब6 जीवनसत्त्व देतात. सोबतच्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. रुग्ण घाबरतात, पण ते निरुपद्रवी आहे. खरी काळजी दुसरीच: रिफाम्पिसिन यकृतातील एंझाइमे वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारे वॉरफरिन यांचा परिणाम घटतो. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी.